भाव पुस्तकाचा की खेळाचा?

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या अगदी पहिल्या भागात चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलेली असतात. फासे टाकले जातात, आरडाओरडा चालतो आणि टेबलावर दोन डोक्यांचा एक राक्षस आणून आदळला जातो. डेमोगॉर्गन! २०१६ साली ही मालिका आली आणि हे नाव घरोघरी पोचलं. पण या खेळात डेमोगॉर्गन नेटफ्लिक्सच्या कितीतरी आधीपासून आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला १९७६ साली, 'एल्ड्रिच विझार्ड्री' नावाच्या एका पातळ पुस्तिकेत.

ही पुस्तिका म्हणजे मूळ खेळाची पुरवणी, सप्लिमेंट. आत्ता तुमच्या हातात आहे तीही पुरवणीच, पण हिचा प्रवास आठवड्याभरात रद्दीकडे सुरू होतो. खेळांच्या पुरवण्यांचं उलटं आहे. त्या बाजारातून गायब झाल्या की त्यांचा भाव चढायला लागतो. 'एल्ड्रिच विझार्ड्री'ची त्या काळातली चांगली प्रत परदेशी लिलावाच्या साइटवर शोधा आणि डॉलरचा आकडा रुपयात करून बघा. महिन्याचा पॉकेटमनी कुठल्या कुठे जाईल. गंमत म्हणजे त्याच पुस्तिकेची अधिकृत पीडीएफ मल्टिप्लेक्सची दोन तिकिटं आणि पॉपकॉर्न यांच्या खर्चात मिळते. नियम तेच, राक्षस तेच, डेमोगॉर्गनही तोच.

मग तो वरचा मोठा आकडा नेमका कशाचा? आणि रविवारी मित्रमैत्रिणींना जमवून खेळणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी तो मोजावा का?

आधी थोडी ओळख

हा खेळ अजून खेळला नसाल त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोल प्लेइंग गेममध्ये एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी चोर, कोणी जादूगार, कोणी तलवारबहाद्दर. तुम्ही काय करणार ते तुम्ही तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवणार. पडदा नाही, कन्सोल नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. पहिल्या खेपेला फक्त १००० डबे काढले होते आणि एका डब्याची किंमत होती १० डॉलर.

मूळ नियमांचं पुस्तक घेतलं की खेळ सुरू होतो. पुरवणी त्यात भर घालते. नवं शहर, नवे राक्षस, नव्या जादू किंवा एखादं तयार साहस. ती नसली तर खेळ अडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या पुरवण्या मिळेनाशा होतात त्याची कारणं साधी आहेत. मूळ पुस्तकापेक्षा त्या कमी खपतात, म्हणून कमीच छापल्या जातात. खेळाची नवी आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीचं साहित्य दुकानातून हटतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्याच २०००, २००८ आणि २०१४ साली नव्या आवृत्त्या आल्या. आणि कधी कधी कंपनीच बुडते. एखाद्या खेळाला उतरती कळा लागली की शेवटची पुस्तकं आणखी कमी छापली जातात, त्यामुळे पुढे तीच सगळ्यात दुर्मीळ ठरतात. ती चांगली होती म्हणून नाही, तेव्हा ती कोणी घेतली नाहीत म्हणून!

सोळा पानांची किंमत

भाव कसा चढतो याचा सगळ्यात मजेदार नमुना म्हणजे १९८० सालचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'. टीएसआर या कंपनीने काढलेल्या या पुस्तकात जगभरच्या पुराणकथांमधले देव खेळाच्या आकड्यांत बसवले होते. आपलेही होते बरं का. इंद्र, अग्नी, वरुण यांनाही तिथे 'हिट पॉइंट्स' दिलेत. वाचताना हसावं की कपाळावर हात मारावा ते कळत नाही.

त्याच पुस्तकात आणखी दोन प्रकरणं होती. एक लव्हक्राफ्टच्या क्थुलूच्या भयकथांवरचं, दुसरं मायकेल मूरकॉकच्या एल्रिकच्या जगावरचं. अडचण अशी की या दोन्ही जगांवर खेळ काढण्याचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे होते. समझोता झाला, पुढच्या छपाईत केऑसियमचे आभार छापले गेले. पण नंतर टीएसआरने ती दोन प्रकरणंच काढून टाकली. १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांचं झालं.

आज कलेक्टर ज्या प्रतीच्या मागे असतात ती १४४ पानांची. १२८ पानं दोन्हीकडे जवळपास सारखी, म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते १६ पानांसाठी. तुम्हाला क्थुलू खेळायचाच असेल तर केऑसियमने १९८१ साली त्यावर स्वतंत्र गेम काढला, 'कॉल ऑफ क्थुलू'. त्याची नवी आवृत्ती आजही दुकानात मिळते. आणि इंद्र-अग्नी बघायचे असतील तर ते स्वस्त प्रतीतही आहेतच.

फुकट मिळालं तरी भाव कायम

दुसरा किस्सा १९८१चा. 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' हे साहस जीन वेल्स यांनी लिहिलं होतं. टीएसआरमध्ये गेम डिझायनर म्हणून काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. केशरी मुखपृष्ठाचं पुस्तक छापून तयार झालं आणि आतल्या काही चित्रांवर कंपनीतल्याच वरिष्ठांनी हरकत घेतली. साठा मागे घेतला गेला, बहुतेक प्रती नष्ट केल्या. मग टॉम मोल्डवे यांनी मजकूर नव्याने लिहिला आणि हिरव्या मुखपृष्ठाची आवृत्ती बाजारात आली.

वाचलेल्या थोड्या केशरी प्रती आज या छंदातल्या सगळ्यात महाग पुस्तकांत मोडतात. आणि पुढचं वाचा. टीएसआर विकत घेणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने नंतर हाच केशरी मजकूर आपल्या वेबसाइटवर चक्क फुकट ठेवला होता. ज्याला वाचायचं होतं, खेळायचं होतं, त्याला एक पैसा न देता मिळालं. तरी छापील प्रतीचा भाव उतरला नाही.

इथे खरी मेख आहे. मजकूर फुकट असतानाही भाव टिकतो, याचा अर्थ तो भाव मजकुराचा नाहीच. तो कागदाचा आहे, मागच्या भानगडीचा आहे, 'माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही' याचा आहे. जुनं नाणं आपण त्यावर लिहिलेल्या किमतीला घेत नाही, तसंच हे. यात वाईट काही नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत हवं.

कुलपातली पुस्तकं

इथवर वाचून वाटेल, 'सोपं आहे की! पीडीएफ घ्या आणि खेळा.' बऱ्याच वेळा खरंच तेवढंच असतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या पुरवण्यांचा मोठा साठा ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डन्जन मास्टर्स गिल्ड या साइटवर अधिकृतपणे विकला जातो. त्यातल्या काहींची तर मागणीप्रमाणे छापील प्रतही करून मिळते. पण काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांची पीडीएफ कायद्याने निघूच शकत नाही.

'मिडल-अर्थ रोल प्लेइंग' घ्या. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगावरचा हा खेळ आयर्न क्राउन एंटरप्रायझेस या कंपनीने १९८४ साली काढला. त्याच्या पुरवण्यांमध्ये पीट फेनलन यांनी काढलेले नकाशे आणि अँगस मॅकब्राइड यांची मुखपृष्ठं आहेत. खेळाडू आजही त्यांची आठवण काढतात. १९९९ साली कंपनीचं लायसन्स गेलं. त्या दिवसापासून ही पुस्तकं कुणालाच छापता येत नाहीत. मजकूर एकाचा, जग दुसऱ्याचं, आणि दोघांचा करार संपलेला.

'स्टार वॉर्स'चंही तसंच. वेस्ट एंड गेम्सने १९८७ साली त्यावर रोल प्लेइंग गेम काढला आणि पुढे डझनावारी पुरवण्या. चित्रपटात ज्यांना नावही नव्हतं अशा परग्रहवासीयांना या पुस्तकांनी नावं दिली, इतिहास दिला. टिमोथी झान 'स्टार वॉर्स'ची कादंबरी लिहायला बसले तेव्हा लुकासफिल्मने संदर्भ म्हणून त्यांच्याकडे हीच पुस्तकं पाठवली होती. १९९८ साली वेस्ट एंड दिवाळखोरीत गेली. २०१८ साली दुसऱ्या एका कंपनीने तीस वर्षांच्या निमित्ताने दोन पुस्तकं पुन्हा छापली. बाकीच्या पुरवण्या आजही फक्त जुन्या बाजारात.

आता जरा हिशेब करा. अमेरिकी कायद्यात कंपनीसाठी केलेल्या अशा लेखनावरचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो. १९८४चं पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होणार १ जानेवारी २०८०ला. आज विशीत असाल तर तेव्हा तुमची सत्तरी उलटलेली असेल. तोवर त्या पुस्तकांच्या जेवढ्या प्रती कपाटांत जिवंत राहतील, तेवढंच ते पुस्तक. चढा भाव मोजण्यात खरा अर्थ कुठे असेल तर तो इथे. कारण इथे दुसरा सरळ रस्ताच नाही.

कलेक्टरचंही ऐका

कलेक्टर म्हणजे पैसेवाले हौशी लोक, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण केशरी 'पॅलेस' वाचला तो कोणीतरी जपून ठेवला म्हणूनच. आपल्याकडे जुने दिवाळी अंक जपणारी माणसं असतात ना, त्याच जातकुळीची ही माणसं. कंपन्या स्वतःचा इतिहास नेहमी सांभाळतातच असं नाही. कुठल्या छपाईत काय बदललं, कुठलं पान गळलं, हे आज कळतं ते अशा कपाटांमुळेच.

पीडीएफ कायमची असते, हाही गैरसमजच. एप्रिल २००९मध्ये विझार्ड्सने पायरसीचं कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका झटक्यात थांबवली. ज्यांनी आधी पैसे भरून घेतल्या होत्या त्यांनाही त्या पुन्हा डाउनलोड करता येईनात. जुनी पुस्तकं अधिकृत पीडीएफमध्ये परत यायला जानेवारी २०१३ उजाडलं. कपाटातलं पुस्तक असं कोणी रातोरात काढून नेऊ शकत नाही. म्हणून पीडीएफ घेतलीत तर ती लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. 'माझ्या अकाउंटला आहे की' यावर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र खटकते. या बाजारात सगळ्यात जास्त भाव असतो प्लॅस्टिकचं वेष्टनही न फोडलेल्या प्रतीला. म्हणजे जे पुस्तक एकदाही खेळलं गेलं नाही, ते सगळ्यात मौल्यवान! समासात पेन्सिलीने लिहिलेलं असलं, नकाशावर चहाचा डाग असला की किंमत खाली. खेळाडूच्या नजरेने बघा. तीच प्रत खरी वापरली गेलेली, कुणाच्या तरी चार-पाच वर्षांच्या रविवारांची साक्षीदार. तुम्हाला खेळायला घ्यायचं असेल तर अशाच 'खराब' प्रती शोधा. कलेक्टरला नको असतात, म्हणून आपल्याला परवडतात.

'गुंतवणूक म्हणून घेतो'

हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर स्नीकर्सबद्दल ऐकू येतं, या पुस्तकांबद्दलही ऐकू येतं. जरा थांबा. पहिला धोका पुनर्मुद्रणाचा. केऑसियमचा १९९१चा 'हॉरर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' हा डबा कित्येक वर्षं मिळत नव्हता. २०१२ साली क्राउडफंडिंग झालं आणि पुढे त्याची नवी, आणखी मोठी आवृत्ती आली. ज्यांना खेळायचं होतं त्यांना जुना डबा हुडकण्याची गरजच उरली नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे पहिले नियम आणि चारही पुरवण्या २०१३ साली विझार्ड्सने लाकडी पेटीत घालून पुन्हा काढल्या. अशा बातमीने जुन्या प्रतीची मागणी कधी ओसरेल ते आधी कळत नाही.

दुसरा धोका आपल्या घरातला. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर पुस्तकांचं काय होतं ते तुमच्या आजोबांच्या कपाटाला विचारा. ओल, बुरशी, कसर. चाळीस वर्षांपूर्वीचं स्वस्त कागदाचं पुस्तक अशा हवेत तसंच्या तसं ठेवणं हे वेगळंच काम आहे.

तिसरं म्हणजे विकायचं कोणाला? गिऱ्हाईक बहुतेक परदेशात. टपालखर्च, कस्टम, वाटेत कोपरा दुमडला तर वाद. कागदावरचा नफा हातात येईपर्यंत बराच झिजतो.

घ्यायच्या आधी

तरीही एखाद्या पुस्तकावर मन अडकलंच, तर बटण दाबण्याआधी एवढं बघा.

अधिकृत पीडीएफ किंवा मागणीप्रमाणे छापलेली प्रत मिळते का? मिळत असेल तर आधी ती. महिनाभर खेळून बघा, मग ठरवा.

मागितलेला भाव आणि झालेली विक्री यात फरक करा. विक्रेता कितीही मागू शकतो. लिलावाच्या साइटवर विकल्या गेलेल्या प्रती वेगळ्या बघता येतात. खरा भाव तो.

आतलं सगळं आहे का विचारा. नकाशे, सुटी पानं, खेळाडूंना द्यायचे कागद. डबा आहे आणि नकाशा नाही, असं फार होतं. कुठली छपाई आहे ते दाखवणाऱ्या पानाचा फोटो मागा.

एकूण खर्च रुपयांत मांडा. हलक्या पुस्तिकेचाही अमेरिकेहून इथपर्यंतचा टपालखर्च कधी कधी पुस्तकाएवढा होतो. जड डबा असेल तर विचारूच नका.

आणि एकट्याने घेऊ नका. गणपतीला वर्गणी काढतो, मग टेबलाला का नाही? पाच जणांच्या ग्रुपने मिळून घेतलं तर ते पुस्तक कपाटात नाही, टेबलावर येतं.

राहिला प्रश्न चोरून फिरणाऱ्या स्कॅनचा. ते आहेत, तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. ज्या पुस्तकाची अधिकृत पीडीएफ विकत मिळते त्याची चोरीची प्रत घेण्याला काहीच सबब नाही. कुलपातल्या पुस्तकांबाबत मन डळमळतं, हे खरं. कायदा मात्र तिथेही तोच आहे. आणि दुसऱ्या बाजूने हेही खरं की जुन्या प्रतीला तुम्ही वीस हजार मोजले तरी त्यातला एक रुपयाही लेखकाकडे किंवा चित्रकाराकडे जात नाही. म्हणून 'महाग घेतलं म्हणजे खेळाला मदत केली' असं स्वतःला पटवू नका. मदत करायची तर आज लिहिणाऱ्याचं नवं पुस्तक घ्या.

मग घ्यायचं की नाही?

माझं उत्तर असं. मजकूर दुसरीकडे सरळ मार्गाने मिळत असेल तर खेळाडूने चढा भाव देऊ नये. मजकूर कुलपात असेल, ग्रुप तयार असेल आणि पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही ते खेळणारच असाल, तर झेपेल एवढं द्यावं. नुसतं कपाटात ठेवायचं असेल तर तो कलेक्टरचा छंद आहे. जरूर करा, पण आई-बाबांच्या पैशांवर नको.

आणि ही शक्यताही विसरू नका. जानेवारी २०२३मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुले झाले. म्हणजे मूळ नियमांचं श्रेय देऊन त्यांच्या आधारावर तुम्ही स्वतःची पुरवणी लिहू शकता, छापू शकता, विकूही शकता. मराठीत सुद्धा. तुम्ही चढलेला एखादा किल्ला, त्याचा चोरदरवाजा, पायथ्याचं गाव, टाक्यात कोण राहतं त्याची गोष्ट. खर्च काय? वही, पेन्सिल आणि चार शनिवार.

१९७६ साली डेमोगॉर्गन अशाच एका पातळ पुस्तिकेत छापला गेला होता. तेव्हा ती कोणी प्लॅस्टिकमध्ये ठेवायला घेतली नव्हती, खेळायला घेतली होती. तुमच्या ग्रुपचा पुढचा रविवार मोकळा आहे का ते आधी विचारा. पुस्तक कुठलं, ते नंतर ठरवू.